पाण्याची तलब

आमच्या घरी पाणी विकत यायचं आणि त्याचा आवाज आधी यायचा. सटवा पाणक्याच्या खांद्यावरचा बांबू गल्लीच्या तोंडाशी करकरायला लागला की माय पिठाच्या हातानंच दाराशी जायची. सटवाला थांबवू नये, त्याचा खांदा दुखतो, असं ती म्हणायची. मला वाटतं, कारण दुसरं होतं. भरलेल्या घागरी ओट्यावर टेकवताना हिंदकळायच्या आणि ओंजळभर पाणी मातीत जायचं. ते जाऊ नये म्हणून माय घागरीच्या गळ्याला स्वतः हात द्यायची. दोन घागरींची एक कावड, आणि आमच्या दारी रोज दोन कावडी. गावची बारव आटायच्या आधी माय, आणि लग्न होईपर्यंत थोरली बहीण अक्काही, पहाटे जाऊन डोक्यावर पाणी आणायच्या, कावड फक्त सणावारी लागायची. त्या वर्षी होळीच्या आधीच बारवेच्या तळाचा गाळ दिसायला लागला आणि जिंतुरात पाणी उरलं ते एका गुत्तेदाराच्या मळ्यातल्या विहिरीत. सडका-पुलांची सरकारी कामं ठेक्यानं घेणारा हा माणूस. त्यानं विहिरीला काटेरी कुंपण घातलं, दाराशी एक माणूस बसवला आणि पाणक्यांकडून कावडीमागं पैसे घ्यायला सुरुवात केली.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तहसिलीच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली अर्ज लिहायला बसायचे. अर्जनवीस. ते नोकर नव्हते, त्यांना पगार नव्हता. एक लाकडी पेटी, बोरू, शाईची दौत आणि बसायला सतरंजी. खेड्यांवरून माणसं यायची, आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायची आणि दादा ते उर्दूत लिहून द्यायचे, कारण आमच्याकडे तेव्हा कचेरीपासून कॉलेजापर्यंत सगळं उर्दूत चालायचं. एका अर्जाचे दोन-तीन आणे, माणूस बरा असला तर चार. पण उन्हाळा कडक झाला आणि लोकांच्या घरातली ज्वारी संपत आली की खेड्यावरचं माणूस तालुक्याला यायचं टाळतं. म्हणजे ज्या महिन्यात पाणी महाग व्हायचं, त्याच महिन्यात दादा रिकाम्या हातानं घरी यायचे. मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो. तिथं आम्हाला एका वेळी एकच गोष्ट बदलायला शिकवत. भाव वाढला असं धरा, बाकी सगळं जागच्या जागी आहे. आमच्या घरात बाकी काहीच जागच्या जागी राहत नसे, पण हे प्राध्यापकांना विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारायचा धीर झाला नसता. आमच्या घराण्यातला कॉलेजात गेलेला मी पहिला. वर्गात मी मागच्या बाकावर बसायचो आणि माझं उर्दू कच्चं आहे हे कुणाला कळू नये म्हणून गप्प राहायचो.

त्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा अक्का बाळंत होऊन दहा दिवस झाले होते. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. मुलगी झाली होती. मधल्या खोलीत बाज टाकलेली, खाली शेगडी, ओवा-शेपाच्या धुरीचा वास सगळ्या घरात भरलेला. सकाळी चूल पेटली की पहिलं भांडं बाळंतिणीच्या पाण्याचं चढायचं. त्यात लिंबाचा पाला. माय तिला तेल लावून, रगडून, कढत पाणी कमरेवर तांब्या-तांब्यानं ओतायची आणि अक्का ओरडायची, "माय, भाजलं!" माय म्हणायची, "भाजू दी. आत्ता भाजलं तं म्हातारपणी कंबर धरायची न्हाई." मग बाळाचं न्हाणं. असं सव्वा महिना. बाळंतीण सव्वा महिना माहेरी न्हाऊन-माखून, खाऊन-पिऊन, अंगानं भरून सासरी गेली पाहिजे. माहेराची अब्रू ती हीच. या एका न्हाण्याला दीड घागर लागायची. उरलेल्या अडीच घागरींत चार मोठ्या माणसांचं पिणं, स्वयंपाक, भांडी, सगळं.

प्राध्यापकांनी सुट्टीसाठी एक काम दिलं होतं. आपल्या गावात कुठलीही एक वस्तू घ्या, दहा घरं हिंडा, भाव वाढायच्या आधी किती घ्यायचे आणि नंतर किती घेतात ते लिहून आणा. त्यांच्या तोंडी यासाठी एक शब्द होता, तलब, म्हणजे मागणी. भाव वाढला की तलब घटते, हा नियम. मी पाणी निवडलं, कारण कावडीचा भाव नुकताच अर्ध्या आण्याचा एक आणा झाला होता. कागदाला रेघा मारल्या, दौत-टाक घेतला आणि पहिल्याच घरी, शेजारच्या गजराकाकूंकडे जाऊन विचारलं, "काकू, तुमच्या घरी पाण्याची तलब किती?"

गजराकाकू सूप हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते कमरेवर टेकवलं.

"काय म्हणलास?"

"पाण्याची तलब."

"अगं माय! तलब तंबाकूची असती रे भगवान. आमच्या घरी ह्यांनला हाय. पाण्याची कुठं तलब असती? ते न्हाई पेलं तं माणूस मरतंय."

"तसं न्हाई काकू. किती कावडी घेता, येवढंच."

"मंग तसं ईचार की. कालिजात गेला अन् बोलणं ईसरून आला." आणि आत सुनेला हाक मारून त्या म्हणाल्या, "आगं, ऐकलं का? भगवानला पाण्याची तलब आलीय, एक तांब्या दी त्याला!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं मला तलबवाला म्हणायला लागली. पण लोकांनी आकडे खरे सांगितले. गल्लीच्या टोकाला एका वकिलाची माडी होती. तिथं आधी आठ कावडी जायच्या, आता दहा. ऊन वाढलं होतं आणि खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या पडद्यांवर दिवसभर पाणी मारावं लागे. भाव किती झाला हे वकीलसाहेबांना माहीतच नव्हतं, त्यांनी नोकराला हाक मारून विचारलं. गजराकाकू चारांवरून तीनवर आल्या होत्या. त्यांनी परसातला कढीपत्ता सोडून दिला होता आणि धुणं पंधरवड्यावर नेलं होतं. आणि खालची आठ घरं, आमचं धरून, आधी दोन आणि आता दोन. काही ठिकाणी आधी एक आणि आताही एक. आमच्या घरचा आकडा मी मायला विचारून लिहिला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "दोन. लिही, दोन."

मी किती खूश झालो हे आज लिहायला लाज वाटते. पुस्तकातल्या नियमाला मी एक तळ शोधला होता. वरच्या घरांना भावाचं काही वाटत नाही, मधली घरं थोडी कमी करतात, आणि सगळ्यात गरीब घरं भाव दुप्पट झाला तरी तेवढंच घेतात, कारण त्याहून कमी घेताच येत नाही. मी हे उर्दूत दोन पानं लिहून काढलं. त्या दोन कावडींच्या आत काय काय कमी झालं होतं ते मी विचारलं नाही. वरण बंद झालं होतं, कारण डाळ शिजायला पाणी लागतं. कोरडी भाकर, तेल-चटणी, आणि अक्कासाठी तेवढी अळिवाची खीर. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होतो. माझ्या कागदाला हे कळायला रकाना नव्हता. आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया विहिरीच्या कुंपणाशी रिकामी मडकी घेऊन बसायच्या. त्यांनी पैसे दिले तरी पाणी कुणी ओतून देईल तेव्हाच मिळायचं. त्यांच्या घरांकडे मी गेलोच नाही. मला कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. पण दहा घरं म्हटल्यावर मला दिसली ती हीच दहा.

दादांनी तो कागद ओसरीवर बसून वाचला. उर्दू वाचताना त्यांचे ओठ हलायचे.

"तू लिवलंस?"

"व्हय."

"लय चांगलं लिवलंस." मग कागद उलटसुलट करून म्हणाले, "पण ह्याला डोकं न्हाई, पाय न्हाई. कोणाला लिवलंय हे?"

"प्रोफेसरांना."

"प्रोफेसर पाण्याचा निर्ख ठरवतेत का?"

निर्ख म्हणजे सरकारनं बांधून दिलेला भाव. धान्याचा निर्ख ठरायचा, मग पाण्याचा का नाही, असं दादांच्या मनात आलं. त्यांचा आनंद मला आठवतो. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचं गाऱ्हाणं लिहिलं होतं. स्वतःच्या मुलानं लिहिलेलं, आकडे मांडलेलं, स्वतःच्या गल्लीचं गाऱ्हाणं पहिल्यांदाच हातात आलं होतं. दोन दिवस त्यांनी तो मजकूर चांगल्या कागदावर उतरवला. वर हुजुरांचे अलकाब, म्हणजे मानाच्या पदव्या, घातले, शेवटी निर्ख मुकर्रर व्हावा, भाव बांधून मिळावा, अशी विनंती घातली आणि दहा घरांच्या सह्या-अंगठे घेतले. पुरे झाल्यावर मला वाचायला दिला. अक्षर असं की पाहत राहावं. सुरुवातीलाच एक ओळ होती, फिदवी हमेशा अदा करते आए हैं और आइंदा भी अदा करते रहेंगे. म्हणजे, आम्ही सेवक आजवर भरत आलो आहोत आणि पुढेही भरत राहू. दादांच्या प्रत्येक अर्जात ही ओळ असायची. शेतसाऱ्याची सूट मागायची असो की मुदत, आधी आपण भरणारे आहोत, बुडवणारे नाही, हे सांगायचं, म्हणजे साहेबाचं मन नरम होतं. ती ओळ वाचताना मला काही खटकलं का? मी कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. नक्की सांगता येत नाही. बहुतेक मी अक्षरच पाहत होतो.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. दादांबरोबर मीही कचेरीत गेलो. तहसीलदारसाहेबांच्या मेजाशेजारी खुर्चीवर गुत्तेदार बसला होता. आम्ही उभे. तो काही राक्षसासारखा माणूस नव्हता. अंगानं बारीक, बोलायला मऊ. पेशकारानं, साहेबांच्या कारकुनानं, अर्ज मोठ्यानं वाचला आणि माझे आकडे त्या खोलीत एकामागून एक ऐकू येताना मला अंगावर काटा आल्यासारखं झालं, अभिमानानं. वाचून झाल्यावर गुत्तेदार दादांकडे वळून मराठीत म्हणाला,

"अर्जनवीस, तुमी तं माझंच काम केलं. आण्याच्या वर लोक घ्यायचे न्हाईत असं मला वाटायलं व्हतं. तुमच्या पोरानं घरं हिंडून मोजलं, घेतेत म्हणून. अन् तुमी वरून लिवून दिलं, पुढंबी देत राहतो म्हणून. मंग तक्रार कशाची हाय?"

साहेब हसले. दादा एक पाऊल पुढं झाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"हुजूर, ती ओळ... ती तं सगळ्याच अर्जीत असती."

साहेबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. विहीर खाजगी आहे, अर्जदारांची भरायची ऐपत त्यांच्याच लेखी आहे, दखल घेण्याचं कारण दिसत नाही, असा शेरा पडला. परत येताना आमच्या गल्लीच्या वळणावर थांबून दादा म्हणाले, "तीस साल लिवायलोय मी ती ओळ."

तिसऱ्या दिवशी कावड दोन आण्यांची झाली. सटवानं मान खाली घालून सांगितलं, "माय, मला त्यातलं काईबी मिळंना. उलट माझीच दोन घरं सुटली." गजराकाकू आता हसत नव्हत्या. मी दारातून जाताना त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आमच्या घरात येऊन घागरी मोजल्या अन् जाऊन मालकाला सांगितल्या. ह्याला शिकणं म्हणतेत." दादांचं तर पोटच अर्जांवर चालायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी लिंबाखाली जी दोन-चार माणसं यायची, तीही आता समोरच्या दुसऱ्या अर्जनविसाकडे जायला लागली. याच्या अर्जानं भाव वाढतो, असं कुणीतरी पसरवलं होतं. पसरवलं म्हणायलाही अर्थ नाही, ते खरंच होतं.

तरी माय सटवाकडून दोन कावडी घेतच राहिली, जरी विहीर खोल गेल्यानं घागरी आता अर्ध्याच भरून यायच्या. कसं घेत होती ते मला कळेना. एक दिवस न्हाणीतून अक्काचा आवाज आला, "माय, तुझ्या केसाला वास यायलाय. किती दिवस झाले न्हाली न्हाईस?" माय म्हणाली, "गप बस, मान खाली घाल." मग मी पाहायला लागलो. माय अंघोळ करत नव्हती, ओल्या फडक्यानं अंग पुसत होती. जेवताना आमच्या तिघांच्या शेजारी तांबे असायचे, तिच्या शेजारी नसायचा. विचारलं तर म्हणायची, मी आधीच पेले. भर वैशाखात तिचे ओठ फुटले होते आणि चुलीपुढून उठताना ती भिंत धरायची. कोपऱ्यातला मोठा तांब्याचा हंडा दिसेनासा झाला होता. दादांनी त्याबद्दल विचारलं नाही, म्हणजे त्यांना माहीत असावं.

आता माझ्या घरी नळ आहे. नातसून भाजी धुताना तो चालूच ठेवते. मी काही म्हणत नाही. म्हणायला गेलो तर हे सगळं सांगावं लागेल.

अक्काचं न्हाणं दीड घागरीवरून एकीवर आलं, मग अर्धीवर. बाळाच्या मानेत आणि काखेत घामोळ्या फुटून कातडी लाल झाली. ते दिवसभर रडायचं. तिसाव्या दिवशी अक्का बाजेवर उठून बसली आणि दादांना म्हणाली, "मला धाडून द्या."

माय ओरडली, "सव्वा महिना व्हायचाय! धा दिस हायेत अजून. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणू देत. तिकडं नदी हाय."

अक्काचं सासर पूर्णेच्या काठचं. मायनं दादांकडे पाहिलं. दादांनी नाही म्हणावं असं तिला वाटत होतं, माझीही तीच आशा होती. दादा खाली सतरंजीकडे बघत होते. मग म्हणाले, "सोमवारी तिकडचं कोणीतरी बाजाराला येईल. सांगावा धाडतो." माय आत गेली आणि चुलीपुढं बसली. त्या दिवशी तिनं भाकरी केल्या नाहीत. कुणी मागितल्याही नाहीत.

बैलगाडी घेऊन अक्काची सासू आणि मेहुणे आले ते सकाळीच. पाहुणे दारात आले की पाय धुवायला पाणी द्यायची रीत. मायनं तांब्या काठोकाठ भरून पायरीवर ठेवला. त्या दिवशीच्या तिच्या वाट्याचं पाणी होतं ते. सासूबाईंनी तांब्याकडे पाहिलं, मग घरातल्या पालथ्या घागरींकडे.

"ऱ्हाऊ द्या ईहीणबाई," त्या म्हणाल्या. "पाय काय, पूर्णेत धुता येतेत."

त्यांचा स्वर कडू नव्हता. कदाचित त्यांना खरंच वाचवायचं असेल ते पाणी. पण माय तिथंच पायरीवर बसली, आणि विहिणीपुढं कुणी अशी बसत नाही. मेहुण्यांनी पाय न धुताच बाळाला उचललं. अक्काची ओटी भरली. साडीऐवजी खण होता. गाडीत चढताना अक्का मायच्या कानाशी म्हणाली, पण मला ऐकू आलं, "आता माझं पाणी तुला राहील. आज तरी न्हाऊन घे."

अक्काची पुढची तिन्ही बाळंतपणं सासरीच झाली. आम्ही बोलवायला जायचो, सासूबाई चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "कशाला तुमाला तरास." बोलणं तिथंच संपायचं. मायनं मरेपर्यंत त्यातलं एकही बाळंतपण केलं नाही.

गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सटवा नेहमीसारखा आला. पहिली कावड मायनं घेतली, रांजणात ओतली. तो दुसरी घेऊन आला तेव्हा ती दाराच्या चौकटीत उभी होती, आणि तिनं घागरीला हात दिला नाही.

"न्हाई लागत आता," ती म्हणाली.

"माय, भरून आणलीय."

"ने. दुसरीकडं घाल."

सटवानं माझ्याकडे बघितलं. दादा ओसरीवर होते, ते उठून परसात गेले. मग तो वळला. माय अंघोळ करेल असं मला दुपारपर्यंत वाटत होतं. तिनं केली नाही. ओलं फडकं घेऊन ती मधल्या खोलीत गेली आणि रिकाम्या बाजेखालची राख पुसून काढली. मी माझा मूळ कागद पिशवीतून काढला. कॉलेजला परत जायला आठवडाच उरला होता. आमच्या घराच्या ओळीत शेवटच्या रकान्यात दोनचा आकडा होता. तो खोडून मी तिथं एक लिहिला.